पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर कोणते वेदनाशामक द्यावे?

गोव्यातल्या साखळी गावाहून एका भगिनीने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या आई ५८ वर्षांच्या, वजन ६२ किलो. पित्तखड्यांचा त्रास वारंवार होत असल्याने पुढच्या आठवड्यात म्हापशात दुर्बिणीने पित्ताशय काढायचे ठरले आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी गेली काही वर्षे चालू आहे. त्याशिवाय ‘मन शांत राहावे म्हणून’ रात्री एक गोळी असते, तिचे नाव त्यांना ठाऊक नाही. किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन १.१ आले असून प्रयोगशाळेच्या कागदावर ते मर्यादेच्या आत दाखवले आहे. भावाला याच शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल दिले तेव्हा तो दिवसभर उलट्या करत राहिला, तर शेजारच्या बाई नुसत्या पॅरासिटामॉलवर चौथ्या दिवशी स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. डायक्लोफेनॅकसारखे औषध नाही असे कोणी सांगते, त्याने किडनी जाते असे दुसरे कोणी सांगते. यांतले सर्वांत चांगले औषध कोणते आणि ते आम्ही डॉक्टरांकडे मागून घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि वीसहून अधिक वर्षे गोव्यात काम करते. माझे उत्तर आधीच सांगते, कारणे मागाहून देते. या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांसाठी घड्याळ लावून दिलेले पॅरासिटामॉल हा पाया असतो. पोट, किडनी आणि हृदय परवानगी देत असतील तर त्याच्या जोडीला तीन-चार दिवस सूज उतरवणारे एक वेदनाशामक असते. आणि ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे राखीव ठेवायची असतात. मात्र तुमच्या आईंच्या बाबतीत या तिघांपैकी मधले औषध मला घातक वाटते आणि शेवटचे शंकास्पद वाटते. भावाचा किंवा शेजारणीचा अनुभव त्यांना जसाच्या तसा लागू पडणार नाही, तो त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीमुळे आणि त्या नाव नसलेल्या गोळीमुळे.

औषधांची तुलना करण्याआधी दुखते काय, हे पाहायला हवे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधारणपणे चार छिद्रे असतात. बेंबीजवळचे आणि छातीच्या हाडाखालचे मोठे, सुमारे १० मिलिमीटरचे, आणि उजव्या बरगडीखालची दोन ५ मिलिमीटरची. या छिद्रांचे दुखणे हे पहिले. हलताना, खोकताना, पलंगावरून उठताना ते टोचते आणि बहुधा बेंबीजवळ जास्त असते, कारण पित्ताशय पुष्कळदा तिथूनच बाहेर काढतात. दुसरे दुखणे आतले: यकृताच्या ज्या खोबणीतून पित्ताशय सोडवले तिथले, खोल आणि नेमके बोट ठेवता न येणारे. तिसरे खांद्याचे. पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने आत सोडलेला असतो. त्याने श्वासपटल ताणले जाते आणि चुरचुरते. श्वासपटलाची संवेदना नेणारी नस मानेतल्या ज्या मणक्यांपाशी मज्जारज्जूला मिळते, तिथेच खांद्याच्या त्वचेची संवेदनाही पोहोचते, म्हणून मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते. शस्त्रक्रिया पोटाची आणि कळ उजव्या खांद्यात, हे पाहून घरची माणसे घाबरतात. ऑपरेशन टेबलावर हात वेडावाकडा ठेवला असणार, अशी तक्रार घेऊन आलेले नातेवाईकही मला भेटले आहेत. हे तिन्ही प्रकार एकाच औषधाला सारखी दाद देत नाहीत, म्हणून एका औषधाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन-तीन साधी औषधे एकत्र देणे शहाणपणाचे ठरते.

आणखी एक गोष्ट लोकांना कळतच नाही, कारण ती त्यांना भूल दिलेली असताना घडते. पहिल्या रात्रीचे दुखणे किती असेल, ते बरेचसे ऑपरेशन थिएटरमध्येच ठरते. छिद्रांच्या जागी ब्युपिव्हाकेन टोचले तर कातडी आणि स्नायू पुढचे काही तास बधिर राहतात. ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेनचे २० मिलिलिटर चार छिद्रांत वाटून दिले तर एकूण ५० मिलिग्रॅम होतात. दर किलोमागे २ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तरी ६२ किलोच्या व्यक्तीसाठी ती १२४ मिलिग्रॅम येते, म्हणजे हे पुष्कळ आत बसते. भूल चढल्यावर शिरेतून दिलेले ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मळमळही कमी करते आणि दुखणेही थोडे उतरवते. मधुमेह असणाऱ्यांची साखर त्याने एखादा दिवस वाढते, एवढे लक्षात ठेवावे लागते. शल्यविशारदांनी वायूचा दाब शक्य तितका कमी ठेवला आणि टाके घालण्यापूर्वी उरलेला वायू नीट बाहेर काढला, तर खांद्याचे दुखणे कमी होते. या शस्त्रक्रियेसाठी वेदनाशमनाच्या शिफारशी तयार करणाऱ्या प्रॉस्पेक्ट या युरोपीय गटानेही पॅरासिटामॉल, सूजविरोधी वेदनाशामक, डेक्सामेथासोन आणि छिद्रांच्या जागी बधिरीकरण यांवरच भर दिला आहे. अफूवर्गीय औषधे त्यांनी मागे ठेवली आहेत. त्यामुळे डॉक्टरांकडे काही मागायचेच असेल, तर अमुक गोळी द्या असे म्हणू नका. ‘आईंच्या छिद्रांत बधिर करण्याचे इंजेक्शन देणार आहात ना?’ असे विचारा. हा प्रश्न कोणत्याही भूलतज्ज्ञाला खटकणार नाही.

आता औषधे एकेक करून पाहू.

पॅरासिटामॉलला आपल्याकडे तापाची गोळी मानतात आणि म्हणून वेदनाशामक म्हणून त्याला कमी लेखतात. ते कमी पडल्याची तक्रार येते तेव्हा चौकशीत बहुधा असे निघते की ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दुपारी आणि एक रात्री, तीही ‘फारच दुखले तेव्हा’ घेतली होती. ५० किलोंवरच्या, यकृत निरोगी असलेल्या प्रौढ व्यक्तीला एका वेळी १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, दर सहा तासांनी देता येतात, आणि २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडायची नसते. वजन कमी असेल, खाणे तुटले असेल किंवा यकृत दुबळे असेल तर ही मर्यादा डॉक्टर खाली आणतात. रोज दारू घेणाऱ्यांच्या बाबतीत मी २ ग्रॅमच्या पुढे जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी उर्राक, म्हणजे काजूची दारू, असते आणि ‘डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून सांगितले नाही’ असे मला अनेकदा ऐकावे लागते. तुमच्या आईंना हे लागू नसेल, पण हे वाचणाऱ्या कोणाला असेल तर भूलपूर्व तपासणीच्या वेळी खरा आकडा सांगा. त्यावरून आम्ही तुमचे चारित्र्य ठरवत नाही, औषधाची मात्रा ठरवतो.

सलाइनमधून दिलेले पॅरासिटामॉल गोळीपेक्षा ताकदवान असते, हाही दृढ समज आहे. शुद्ध हरपलेली असते, उलट्या होत असतात, तेव्हा १०० मिलिलिटरच्या बाटलीतून शिरेवाटे दिलेले १ ग्रॅम उपयोगी पडते. आईंना पेज पचू लागली की गोळी तेच काम करते. केवळ ती बाटली मिळावी म्हणून दवाखान्यात एक रात्र वाढवून घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या पैशांची मला हळहळ वाटली आहे.

पॅरासिटामॉलचा खरा धोका मोजणीत आहे. झिरोडॉल-पीमध्ये एसिक्लोफेनॅकच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनच्या जोडीला तेवढेच, अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉलच्या जोडीला तेवढेच, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असते. चिठ्ठीवर तीन निराळी नावे दिसतात आणि पोटात एकच औषध तीनदा जाते. म्हणून मी शस्त्रक्रियेनंतर शक्यतो एकएकटी औषधे लिहून देते, मिश्रणे देत नाही. मिश्रणांत आणखी एक अडचण असते. एक घटक बंद करायचा झाला की दुसराही बंद होतो. ‘एसपी’ गोळ्यांत सेराशिओपेप्टिडेझ नावाचे सूज उतरवणारे म्हणून एक विकर (एन्झाइम) असते. त्याचा या शस्त्रक्रियेनंतर उपयोग होतो असे मानायला मला पुरेसा आधार दिसत नाही.

दुसरा गट सूजविरोधी वेदनाशामकांचा: डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक, आणि निवडक प्रकारची एटोरिकॉक्सिब व सेलेकॉक्सिब. ज्याने तुम्हाला डायक्लोफेनॅकसारखे औषध नाही असे सांगितले, तो निव्वळ परिणामाच्या दृष्टीने फार चुकलेला नाही. तीव्र वेदनांवरच्या एकेका मात्रेच्या चाचण्या एकत्र करून तज्ज्ञांनी एक मोजमाप काढले आहे. किती जणांना औषध दिले म्हणजे, खोट्या गोळीच्या तुलनेत, एका जादा माणसाची वेदना निम्म्याहून कमी होते, असा तो आकडा असतो. जितका लहान तितका चांगला. त्या तक्त्यात १ ग्रॅम पॅरासिटामॉलचा आकडा सुमारे ३.६ आहे, ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनचा २.५ आणि १२० मिलिग्रॅम एटोरिकॉक्सिबचा १.८ च्या आसपास. केवळ २०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र दिले तर आकडा १.६ पर्यंत उतरतो. आणि ६० मिलिग्रॅम कोडीन, जे अफूच्या कुळातले म्हणून ‘जबरदस्त’ वाटते, त्याचा आकडा १२ आहे. या चाचण्यांतले पुष्कळसे रुग्ण अक्कलदाढ काढलेले होते, पित्ताशय काढलेले नव्हते. म्हणून या आकड्यांकडे मी शर्यतीचा निकाल म्हणून पाहत नाही. पण दोन साध्या औषधांची छोटी जोडी एका ‘मोठ्या’ औषधाला मागे टाकते, हे त्यातून दिसते आणि माझ्या रोजच्या कामात मला तेच दिसते.

या गटातले एक औषध दुसऱ्यापेक्षा किती सरस आहे, यावर मी फार वेळ घालवत नाही. मात्रा योग्य असेल तर फरक थोडा असतो. निवड होते ती दुष्परिणामांवरून. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणानंतर, हे तरुण आणि इतर आजार नसलेल्या माणसासाठी माझे पहिले औषध. डायक्लोफेनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांना ते नकोच. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे. त्याची गुदद्वारातून ठेवायची १०० मिलिग्रॅमची गोळी उलट्या होत असताना सोयीची ठरते, पण ती भूल उतरण्यापूर्वी ठेवायची असेल तर रुग्णाची संमती आधी घ्यायलाच हवी, असा माझा आग्रह असतो. ती पोटातून गेली नाही म्हणून किडनीला अपाय करत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. केटोरोलॅक जोरदार आहे, आणि म्हणूनच तोंडाने व इंजेक्शनाने मिळून पाच दिवसांच्या पुढे द्यायचे नसते. एटोरिकॉक्सिब पोटाला जरा सौम्य असते पण रक्तदाब चढवते. यांतली कोणतीही दोन औषधे एका वेळी घ्यायची नाहीत, कारण परिणाम वाढत नाही आणि अपाय वाढतो. पोटात व्रण होऊन गेलेला असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, किंवा ॲस्पिरिनने दमा उसळल्याचा इतिहास असेल, तर हा गट चर्चेशिवाय घेऊच नये.

आता तुमच्या आईंच्या १.१ या आकड्याविषयी. प्रयोगशाळेची मर्यादा पुष्कळदा सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे उंचापुऱ्या तरुण पुरुषाचे १.१ आणि ५८ वर्षांच्या स्त्रीचे १.१ यांचा अर्थ एक नसतो. वय आणि लिंग धरून २०२१ च्या सीकेडी-ईपीआय या सूत्राने हिशेब केला, तर आईंच्या किडनीचा गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ५८ मिलिलिटर येतो. ६० च्या खाली गेल्यावर आम्ही सावध होतो. एका तपासणीवरून किडनीचा आजार ठरत नाही, तेव्हा धास्ती घेऊ नका; पण त्यात त्यांची रक्तदाबाची गोळी मिळवा. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाट सैल करते, हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातले पाणी कमी करते, आणि डायक्लोफेनॅक त्या गाळणीकडे रक्त आणणारी वाट आवळते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, त्यात शस्त्रक्रियेचा उपवास आणि उलट्या आल्या, तर किडनीला काम करायला पुरेसा दाबच उरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण अंगवळणी पडले ते एका चुकीनंतर. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत साठीच्या आसपासच्या एका बाईंना याच शस्त्रक्रियेनंतर डायक्लोफेनॅकची इंजेक्शने मी लिहिली आणि घरी जाताना गोळ्याही लिहून दिल्या. रक्तदाबाची गोळी त्यांनी नेमाने चालू ठेवली होती; ती तुमच्या आईंसारखीच जोडगोळी होती. मे महिना होता, मळमळीमुळे त्या पाणी घोट-घोट घेत होत्या. चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ होत नाही म्हणून मुलगा त्यांना परत घेऊन आला तेव्हा क्रिएटिनिन दुपटीच्या पुढे गेले होते. औषधे थांबवली, सलाइन दिले, आणि सुदैवाने किडनी पूर्ववत झाली. त्या चार दिवसांत त्यांच्या दुखण्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. वेदनाशमन उत्तम झाले होते. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळीचे पूर्ण नाव कागदावर आल्याशिवाय मी या गटातले औषध लिहीत नाही.

तिसरा गट अफूवर्गीय औषधांचा. मी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात शिकत होते तेव्हा पोट उघडून केलेली पित्ताशयाची शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाहायला मिळे. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, पण जुनी पद्धत पुढे बरीच वर्षे जोडीने चालू राहिली. उजव्या बरगडीखालच्या त्या लांब चिरेमुळे रुग्णाला खोल श्वास घेता येत नसे, खोकता येत नसे, कफ साठून छातीत जंतुसंसर्ग होई. तिथे जोरदार औषधांना पर्याय नव्हता आणि ‘फोर्टविन-फेनर्गन’ (एक अफूवर्गीय वेदनाशामक आणि गुंगी आणणारे एक औषध) हे वॉर्डातले रोजचे इंजेक्शन होते. आज चिरा लहान झाल्या आहेत, पण जोरदार औषध द्यायची ती सवय काही ठिकाणी तशीच राहिली आहे.

ट्रॅमाडॉल हे त्यातले सौम्य. ५० ते १०० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ४००. यकृतातले एक विकर त्याचे खऱ्या वेदनाशामक रूपात रूपांतर करते, आणि हे विकर जन्मतःच काहींत मंद, काहींत फार चपळ असते. म्हणून एकाला ट्रॅमाडॉलने काहीच वाटत नाही आणि दुसरा त्याच मात्रेने गुंगून पडतो. तुमच्या भावाच्या उलट्या हा त्याचा सर्वांत परिचित दुष्परिणाम. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मळमळ आधीच जास्त असते. तिच्यात ही भर पडली की टाक्यांवर ताण येतो आणि दुखणे वाढते. उलटीसाठी देतात ते ऑन्डानसेट्रॉन ट्रॅमाडॉलचा परिणामही काहीसा कमी करते, ही आणखी एक गुंतागुंत. चक्कर, बद्धकोष्ठता आणि क्वचित झटके येतात; फिट्सचा आजार असलेल्यांना मी ते देत नाही. घेतल्यावर स्कूटर चालवायची नाही, हे मी प्रत्येक चिठ्ठीवर लिहिते. २०१८ पासून ते अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, त्यामुळे फार्मसीत चिठ्ठीशिवाय मागू नका आणि भावाच्या उरलेल्या गोळ्या आईंना देऊ नका.

आईंची ती रात्रीची गोळी कोणती, हे मी विचारते आहे तेही यासाठीच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या नैराश्य-चिंतेवरच्या जातीची असेल, तर ती आणि ट्रॅमाडॉल दोन्ही मेंदूतले सेरोटोनिन वाढवतात. एकत्र आल्यावर थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण असा त्रास होऊ शकतो, आणि झटक्यांचा धोका वाढतो. क्लोनाझेपामसारखी झोपेची असेल, तर ट्रॅमाडॉलबरोबर गुंगी आणि श्वास मंदावण्याची भीती असते. पहिल्या जातीची असेल तर ती मनाने अचानक बंदही करू नये. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून भूलतज्ज्ञांना दाखवा. मागून एक ओळ कळण्यापेक्षा आधी कळणे फार बरे.

मॉर्फिन आणि फेंटानिल यांची जागा रुग्णालयात, जागे झाल्यावरच्या पहिल्या काही तासांत, थोड्या मात्रेत आणि कोणाची तरी नजर असताना. मॉर्फिनने पित्तनलिकेच्या तोंडाची झडप आवळते म्हणून पित्ताच्या रुग्णाला ते देऊ नये, असे जुनी पुस्तके सांगत. नेमक्या मात्रेत ही भीती प्रत्यक्षात क्वचितच खरी ठरते आणि मी ते गरजेला वापरते. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्याची औषधे हल्ली सर्रास लिहिली जातात. त्यांनी पहिल्या दिवशी दुखणे थोडे कमी होते, पण गुंगी आणि चक्कर येते. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरून चालणे हाच अर्धा उपचार असताना मला तो सौदा पटत नाही. पोटात कळ म्हणून मेफ्टाल-स्पास घेण्याचीही सवय आहे. त्यातले मेफेनॅमिक आम्ल हे सूजविरोधी गटातलेच, म्हणून आईंना तेही नको.

खांद्याच्या दुखण्यावर मात्र गोळ्यांचा भर कमी ठेवा. ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवशी जाणवते आणि वायू शोषला गेला की उतरते. उशी उंच करून बसणे, दर दोन तासांनी खोलीत फेरी मारणे आणि खांद्यावर कोमट पाण्याची पिशवी एवढ्याने बहुतेकांचे भागते. पिशवी टाक्यांपासून दूर ठेवा. डावा खांदा किंवा छाती दाबल्यासारखी दुखू लागली, घाम फुटला, दम लागला, तर तो वायू समजू नका आणि १०८ ला फोन करा.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. या शस्त्रक्रियेचे दुखणे पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असते आणि मग रोज थोडे उतरते. उतरलेले दुखणे पुन्हा चढू लागले, तर औषध बदलायचे नसते, रुग्णाला तपासायचे असते. एका रुग्णाने तिसऱ्या दिवशी फोन करून अधिक कडक गोळी सांगा असे म्हटले. आदल्या दिवशी ते अंगणात फिरले होते. आता पोट फुगले होते, ताप अंगात होता, जेवण नकोसे झाले होते. जवळच्या फार्मसीतून एक मिश्र गोळी आणून त्यांनी ती दोनदा घेतलीही होती, आणि तिने ताप उतरल्याने सकाळ फुकट गेली होती. त्यांना लगेच बोलावले. सोनोग्राफीत यकृताखाली पाणी दिसले आणि ते पित्त निघाले. एका बारीक नलिकेतून ते गळत होते. एन्डोस्कोपीतून नळी बसवल्यावर आणि साचलेले पित्त काढल्यावर ते बरे झाले. आणखी दोन दिवस आपण गोळ्या वाढवत बसलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करते. वाढते दुखणे, ताप किंवा हुडहुडी, पिवळे डोळे, गडद लघवी, न थांबणाऱ्या उलट्या, कडक झालेले पोट, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी शल्यविशारदांना फोन करा, आणि ते भेटले नाहीत तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

मी तुमच्या आईंना तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे त्यांच्या भूलतज्ज्ञांपुढे ठेवायचा प्रस्ताव म्हणून वाचा. रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी घ्यायची की नाही, हे त्यांना विचारून घ्या. थिएटरमध्ये छिद्रांचे बधिरीकरण, शिरेतून पॅरासिटामॉल आणि डेक्सामेथासोन. पहिल्या संध्याकाळी जास्त दुखले तर रुग्णालयातच अफूवर्गीय औषधाची छोटी मात्रा. घरी पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, पुढचे दोन-तीन दिवस आठ तासांनी, आणि मग लागेल तेव्हा. सूजविरोधी गोळी नाही, निदान क्रिएटिनिन पुन्हा तपासून कोणी जबाबदारीने सांगेपर्यंत नाही. ट्रॅमाडॉलचा निर्णय रात्रीच्या गोळीचे नाव कळल्यावर. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी. पेज, पातळ वरण-भात सोसेल तसे. एवढ्यावर त्यांचे दुखणे शून्य होणार नाही. त्या स्वतः उठून न्हाणीघरात जाऊ शकल्या, खोल श्वास घेऊ शकल्या आणि झोपू शकल्या, म्हणजे औषध पुरेसे आहे असे समजा.

वेळा विसरू नयेत म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १२ असे लिहून ठेवा आणि गोळी दिली की त्यावर खूण करा, म्हणजे घरातल्या दोघांकडून एकच मात्रा दोनदा दिली जाणार नाही. रात्री बाराला आई गाढ झोपल्या असतील तर त्यांना उठवू नका. जाग येईल तेव्हा गोळी द्या, चौकोनात खरी वेळ लिहा आणि पुढचे सहा तास तिथून मोजा.